खडे घातलेली डाळ

शिवराजचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या आडतीत तुरीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून माल बघत होतो. शिवराज म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, नांदेडला रेल्वेच्या कचेरीत असतो. धंद्याच्या वेळी हा माणूस कधी फोन करत नाही, त्यामुळे त्याचं नाव बघून मी मूठभर तुरीसकट हात बाहेर काढला. "अण्णा, नंदा गेली," एवढंच तो म्हणाला. आणि मी शहाणा त्याला विचारतो, "कुठं गेली?"... चहाचं आधण ठेवता ठेवता ती ओट्यापाशी खाली बसली होती आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. हातातली तूर तशीच खिशात टाकून मी नांदेडच्या गाडीत बसलो.

आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. नंदाला बसवलं, कपाळाला विभूती लावली, आणि मला वाटलं, ही आता समोरच्यानं बोलायची वाट बघत बसली आहे. तिचं सगळं आयुष्य असंच बसण्यात गेलं होतं. मातीला पाहुणेरावळे होते, रेल्वेतली माणसं होती, दोन-चार पोलीसबाया होत्या, आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून बरीचशी तरणी पोरं उभी होती. इस्त्रीचे शर्ट, खाली माना. कुणाशी बोलत नव्हती, पुढं येत नव्हती, पण जातही नव्हती. आमची अव्वा, म्हणजे आई, आता ऐंशीला टेकली आहे. तिनं डोळे पुसत विचारलं, "ही कुणाची लेकरं रं, एवढी?" आमच्यातल्या कुणालाच सांगता आलं नाही. ज्यांच्यासोबत तिनं वीसेक वर्षं काढली त्यांच्यातल्या एकाचंही नाव तिनं घरात कधी काढलं नव्हतं.

त्यातला एक पोरगा काही आठवड्यांनी रेणापूरला आमच्या दुकानात आला. त्याला इथं दत्ता म्हणतो, ते त्याचं नाव नव्हे. नांदेडात वेल्डिंगचं काम करतो, मूळचा बिलोलीकडचा. मला वाटलं गिऱ्हाईक आहे. पण तो पायरीवरच उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम माझ्यासंगं येनार होत्या. आता तुमी येता का?" मग बसून, पाणी पिऊन त्यानं सांगितलं ते असं. त्याचं लग्न जुळत होतं. मुलगी नर्सिंग केलेली, नांदेडच्या एका दवाखान्यात कामाला. दोघांची ओळख तिथलीच. बोलणी पक्की व्हायच्या आधी त्याला तिला सांगायचं होतं की, सतरा वर्षांचा असताना घरातल्या भांडणात आपल्या हातून सख्खा चुलता मेला, आणि नंदा नोकरीला होती त्या निरीक्षणगृहात आपण राहून आलो. सांगायचं कायद्यानं बंधन नाही, हे नंदानं त्याला समजावलं होतं. त्याची आई तर हात जोडत होती, "झाकली मूठ हाय, कशाला उघडतू?" पण त्याला मूठ उघडून मगच लग्न करायचं होतं. फक्त एकट्यानं जायची छाती होत नव्हती. सोबत बसायला नंदा येणार होती आणि ती तर निघून गेली. मी विचारलं, "मीच कशाला रे? मला काय कळतं त्यातलं?" तो म्हणाला, "डाळ तुमचीच असायची नव्हं?" मी दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांत मी दुकानात बसून दुसरं काही केलं नाही, नंदालाच आठवत राहिलो. तिचं नाव महानंदा, पण अप्पा, म्हणजे आमचे वडील, तिला नंदी म्हणायचे. कारण लहानपणापासून ती एका जागी बसली की हलायची नाही. दुकानाच्या पायरीवर फतकल मारून बसायची आणि महादेवाच्या देवळातल्या नंदीच्या कानात लोक जसं मनातलं सांगून जातात, तसं आल्यागेल्यानं तिला काहीबाही सांगून जावं. हमाल सांगायचा, बायको माहेरी गेली. शेजारची म्हातारी सांगायची, सून जेवायला घालत नाही. सात-आठ वर्षांच्या पोरीला हे सांगून त्यांना काय मिळायचं देव जाणे. मी तिला चिडवायचो, "नंदे, कान धुऊन ये, भरले असतील." तर ही माझ्या अंगावर धावून यायची. ऐकून घेणारी माणसं शांत असतात असा लोकांचा समज आहे. त्यांनी आमची नंदा बघितली नव्हती. घरात तिच्याइतकी भांडखोर बाई दुसरी नव्हती.

दुपारी दुकान निवांत झालं की अव्वा माजघरात सुपं मांडून बसायची. गल्लीतल्या बायका यायच्या आणि डाळ निवडता निवडता कुणाच्या घरात काय चाललंय ते सगळं बाहेर पडायचं. समोरासमोर बसून विचारलं असतं तर एकीनंही तोंड उघडलं नसतं. पण नजर सुपात, बोटं खड्यांत... मग जीभ सैल सुटते. नंदा त्या घोळक्यात असायची. मी बाहेर गल्ल्यावर असायचो. तिनं त्या सुपांपाशी काय उचललं ते मला फार पुढं कळलं.

बारावीला तिला अप्पांनी लातूरला ठेवलं. लातूर म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे, चौकाचौकात डॉक्टर होणाऱ्या पोरांचे फोटो लावलेले. अप्पांची इच्छा होती की आपल्या पोरीचाही तसा फोटो लागावा, म्हणजे त्याखालून स्कूटर घेऊन रोज एकदा जाता येईल. नंदाला मार्क पडले बेताचे. तिनं अप्पांना सरळ सांगितलं, "मला न्हाई जमनार, आन् मला आवडत बी न्हाई," आणि नांदेडला जाऊन मानसशास्त्र घेतलं. घरात आठ दिवस चूल पेटली तरी पेटल्यासारखी वाटत नव्हती. पुढं निरीक्षणगृहात समुपदेशक म्हणून लागली तेव्हा तर अव्वानं कपाळावर हात मारला. "समजावून सांगायला पगार देतेत व्हय? आन् त्ये बी चोरट्या पोरास्नी?" नंदा उसळली, "चोरटी म्हनायचं न्हाई, अव्वा." मग काय म्हणायचं? तर तिनं सरकारी शब्द सांगितला: विधिसंघर्षग्रस्त बालक. अव्वाला तो कधीच म्हणता आला नाही. ती आपली "नंदाची लेकरं" म्हणायला लागली, आणि नंदा म्हणाली, हे चालेल.

नोकरी कंत्राटी, ऑर्डर अकरा महिन्यांची, आणि दरवेळी मधल्या महिन्यात जीव टांगणीला. मी कितीदा म्हटलं, सोड, लातूरला क्लासवाल्यांना समुपदेशक लागतात, तिथं तुझं चांगलं चालेल. ती म्हणायची, "त्या लेकरांचं ऐकायला त्यांचे मायबाप हायत." वर आमची जुंपायची ती वेगळी. एकदा तिथला कुणी साहेब तिला म्हणाला होता की, हे सगळे गणंग दाणे आहेत, कितीही शिजवा, शिजायचे नाहीत. तिनं मला फोन करून विचारलं, "अण्णा, गणंग दाणा जास्ती भिजवला तर शिजतो ना?" मी डाळ-कडधान्याचा व्यापारी, तिसऱ्या पिढीचा. गणंग दाणा जन्मात शिजत नाही, हे मला ठाऊक. पण तिच्या आवाजात असा काही जोर होता की मी म्हणालो, "शिजतो की, रातभर भिजवायचा." व्यापारात मी इतकं सफाईदार खोटं कधी बोललो नसेन, आणि त्याचं मला आजही समाधान आहे.

डाळीचं असं झालं. नव्या आलेल्या पोराला ती पहिल्या भेटीत "काय केलंस" असं कधी विचारायची नाही. खुर्ची-टेबल बाजूला सारायची, सतरंजी अंथरायची, मधे सूप ठेवायची आणि दोघं डाळ निवडत बसायची. निवडलेली डाळ त्याच दिवशी तिथल्या स्वयंपाकघरात जायची, त्यामुळे पोरालाही वाटायचं की आपण काही कामाचं केलं. कुणी पहिल्याच दिवशी बोलायचा, कुणी चौथ्या सुपाला. पण पुढं तिथं पाकीटबंद डाळ यायला लागली, मशीनवर निवडलेली, आणि बाईसाहेबांच्या हाताला काम उरलं नाही. तिनं मला निरोप धाडला, डाळ पाठव. मी काय पाठवावं? घरातल्या लग्नाला काढून ठेवली होती ती एक नंबर डाळ. बहिणीच्या लेकरांना द्यायची, तीत खडा निघाला तर आपली इज्जत काय राहिली! तिचा फोन आला तो शिव्या घेऊनच. "अरे, हिच्यात निवडायला कायच न्हाई! खडे घालून दे!"

लातूर जिल्ह्यात डाळीत खडे घालणारे व्यापारी झाले नाहीत असं मी म्हणणार नाही. पण खडे घालून फुकट देणारा मी पहिलाच. आमचे अप्पा तेव्हा होते. मी गोणीत खडे मिसळतोय हे बघून ते उठून आत निघून गेले आणि अव्वाला म्हणाले, "पोरगं बिघडलं." खडे तरी कुठून आणायचे? आमच्या समोर एकाचं घर बांधायचं काम चालू होतं, तिथली बारीक कच मी चाळणीनं चाळून घेतली, डाळीएवढीच निवडली. मन लावून केलं. पोती नांदेडला जायला लागली, नंदा खूश, मीही खूश.

आणि मग एकदा उदगीरच्या एका लग्नात ती मला भेटली ती पार उतरलेल्या चेहऱ्यानं. पंगतीत बाजूला बसली, जेवली नाही. मग म्हणाली, "अण्णा, एक पोरगा हाय. बोलतच न्हाई." नाव नाही, गाव नाही. एवढंच की, त्याचं वय आणि गुन्हा असा आहे की बाल न्याय मंडळाला ठरवावं लागणार, याचा खटला इथं लेकराचा म्हणून चालवायचा की मोठ्या माणसांच्या कोर्टात पाठवायचा. त्यासाठी त्याच्या मनाचं काय ते तिला मंडळापुढं मांडायचं होतं, आणि पोरगा मुका. पोलिसांजवळ नाही, वकिलाजवळ नाही, तिच्याजवळही नाही. सुपामागून सुपं झाली, एक शब्द नाही. कुणीतरी तिला सुचवलं होतं, लिहा काहीतरी, 'पश्चात्ताप दिसतो' म्हणून, कोण विचारतंय. "जे त्यो बोललाच न्हाई ते मी कसं लिहू? आन् न्हाई लिहिलं तर ह्यो गेला..." असं म्हणून तिनं आपलं बुंदीचं ताट माझ्याकडं सरकवलं. मी ती बुंदी खाल्ली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिचा फोन आला. हसत होती की रडत होती कळेना. म्हणाली, "अण्णा, तुझे खडे पकडले गेले रे!" मी म्हटलं, कुणी, साहेबानं? ती म्हणाली, "तुला काय करायचंय? पन असेच घालत जा." आणि फोन ठेवला. पुढं मी किती खोदून विचारलं, पण नंदीच्या कानात गेलेलं बाहेर येतं होय?

दोन दिवस झाले तेव्हा मी दत्ताला कळवलं की येतो. बायको म्हणाली, "जावा, पन तोंड बंद ठिवा." तिच्या सांगण्यात तथ्य होतं. नांदेडहून दत्ताला गाडीत घेतलं आणि मुलीच्या गावाला जायला बिलोलीच्या रस्त्याला लागलो. गोदावरी मागं पडली. मग मलाच राहवेना. विचारलं, "ते खडे... तूच पकडलेस का?" तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, "अण्णा, तुमी शेतकरी न्हाई ना. रानातला खडा गुळगुळीत आस्तो. चुनखडी आस्ती, ढेकूळ आस्तं. तुमच्या खड्याच्या कडा तासल्यावानी, आन् समदे एका मापाचे. लई दिस मी बघून राहिलो व्हतो. मला वाटलं, ह्ये बी फसवून राहिलेत आपल्याला. मग एक खडा उचलून मॅडमपुढं धरला, म्हनलं, ह्यो डाळीतला न्हाई, ह्यो कुनीतरी टाकलाय."

ते त्याचे तिथले पहिले शब्द. नंदाला सावरून घेता आलं असतं. मी तिच्या जागी असतो तर म्हटलं असतं, असेल बाबा, वाहतुकीत पडला असेल. ती म्हणाली, "हाव. माझ्या भावानं टाकलाय. मीच टाकायला सांगितलं." पोरानं विचारलं, कशाला? "तू माझ्याजवळ बसावंस म्हणून. मला दुसरं काय सुचंना." दत्ता सांगत होता, त्या दिवसापर्यंत त्याला जे जे मोठं माणूस भेटलं त्यानं त्याला काही ना काही बनवूनच सांगितलं होतं. धरलं तर कबूल झालेली ही पहिलीच. तो त्या दिवशी बोलला. तो का गप्प होता आणि त्या दिवशी त्याच्या घरात काय झालं होतं, ते त्यानं मला गाडीत सांगितलं. पण ती गोष्ट जितकी त्याची तितकीच त्याच्या आईची आहे, म्हणून इथं लिहीत नाही. नंदानं त्याला विचारूनच ती मंडळापुढं ठेवली. खटला तिथंच राहिला, लेकराचा म्हणून. तिथंच तो वेल्डिंग शिकला, माणसात आला. मी गाडी बाजूला घेतली. मला पुढचं दिसत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो की बहिणीला डाळ पाठवतो म्हणजे मी तिच्यावर उपकार करतो... माझी बहीण काय करत होती ते मला त्या रस्त्यावर कळलं आणि अभिमानानं छाती इतकी भरून आली की दुखायला लागली.

मुलीचं घर गावाच्या कडेला, पत्र्याचं, पण सारवून लख्ख. तिचा बाप बोलका शेतकरी. आधी तुरीचा भाव निघाला, त्यात मी पटाईत, बराच वेळ गेला. चहा झाला. मुलगी दाराला टेकून उभी होती. दत्तानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मला एक सांगायचंय." आणि थांबला... थांबला तो थांबलाच. माझ्या जिभेला नुसती खाज सुटली होती. जन्मभर बोलून माल खपवलेला माणूस मी. पोरगा सोन्यासारखा आहे, झालं ते झालं, असं चार वाक्यांत गुंडाळून मी ते मोकळं करून टाकलं असतं. पण त्याला गुंडाळायचं नव्हतं. मी जमिनीकडं बघत बसून राहिलो. एवढं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही, आणि माझी बहीण ते रोज करायची.

बऱ्याच वेळानं दत्ता बोलला. सगळं बोलला, चुलत्यापासून निरीक्षणगृहापर्यंत, मॅडमच्या नावासकट. कुठं अडखळला तर पुन्हा मागं जाऊन बोलला. बापानं डोक्याची टोपी काढून हातात घेतली होती. मुलगी तशीच दाराशी. ती म्हणाली, "ह्ये आधी कुनाजवळ बोलला व्हतास?"

"मॅडमजवळ. येकदाच. आन् आज येताना ह्येंच्याजवळ."

"आन् मॅडम आता न्हाईत."

"न्हाईत."

"मग आता मला सांगत जा," ती म्हणाली आणि आत गेली.

बाप कितीतरी वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मला वाटलं, आता हा उठायला सांगणार. लग्नाच्या बोलणीत जे विचारलंच पाहिजे ते त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "पाव्हनं, तुमी पोराचे कोन लागता?" रेणापुरात, लातूरच्या आडतीत मला हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर आजोबांच्या नावापासून दुकान, डाळीची गिरणी, सगळं सांगायची माझी सवय आहे. त्यातलं काही ओठांवर आलं नाही.

मी म्हणालो, "मी मॅडमचा भाऊ."

त्यानं माझ्याकडं बघितलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि घरात आवाज दिला, "ताटं करा गं. पाव्हन्यास्नी जेवल्याबिगर जाऊ द्यायचं न्हाई."